मागचे अडतीस

महारुद्र चंद्रभान दुधाटे याला एमबीएच्या प्रवेश परीक्षेत अडतीस पूर्णांक बासष्ट पर्सेंटाइल मिळाले. झालं, सांगून टाकलं. आता हे घडलेलंच नाही असं धरून पुढं चालायचं आहे. महारुद्र स्वतः गेले सहा दिवस तसाच चालत होता आणि त्याला कुठं ठेच लागलेली नव्हती. परभणीतल्या अभ्यासिकेत तो रोज सकाळी आठला जायचा, सतरा नंबरच्या खुर्चीत बसायचा आणि होऊन गेलेल्या परीक्षेचा अभ्यास करायचा. शेजारच्या खुर्चीतल्या पोलीस भरतीवाल्यानं एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, तुमची परीक्षा कधी हाय?" महारुद्र म्हणाला, "झाली." "मंग?" "मंग काय, आता नीट अभ्यास चाललाय." पोलीस भरतीवाल्याला हे इतकं पटलं की त्यानं पंखा थोडा महारुद्रकडं वळवला.

शनिवारी दुपारी तो स्टेशन रोडला पप्पूच्या दुकानात गेला. काम साधं होतं, निकालाच्या कागदाची एक झेरॉक्स. कशाला, ते त्याला सांगता आलं नसतं. न घडलेल्या गोष्टीची एक प्रत जवळ असावी, एवढंच. पप्पू त्याच्याच गावचा, पेडगावचा, पहिलीपासून एका बाकावरचा. आता झेरॉक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स असं सगळं एकाच यंत्रातून काढायचा. दुकानात पुढं कुणी नव्हतं म्हणून महारुद्र पडदा सारून आत गेला, तर मोठ्या यंत्रातून एक कपाळ बाहेर येत होतं. दोन हात रुंद कपाळ, डाव्या भुवईच्या वर खोक पडल्याची जुनी खूण. महारुद्रचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला. यंत्र घरघरत इकडून तिकडं, तिकडून इकडं जात होतं आणि दर खेपेला त्याचा बोटभर भाग जगात येत होता. मग भुवया आल्या. मग डोळे आले आणि त्यांनी त्याच्याकडं बघितलं. स्वतःचे डोळे नाकाच्या आधी येऊन आपल्याकडं बघायला लागतात तेव्हा माणसानं काय करावं याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. तो उभाच राहिला. नाक आलं, मिशी आली, मग मावसभावाच्या लग्नातला गुलाबी शर्ट आला आणि शर्टाच्या खांद्यावर कुणाचा तरी मनगटापासून कापलेला हात आला. फोटोतून माणूस कापला होता, हात राहिला होता.

"आरं, तू कामून आत आलास?" मागून पप्पू ओरडला. "सरप्राइज होतं ना बे!"

"पप्प्या, हे काय करायलास?"

"चंद्रभानकाकांचा फोन आल्ता. म्हणले, रुद्रा पास झालाय, दहा बाय सहाचं काढ. उद्या मारुतीच्या पारावर सत्कार हाय. तुला सांगू नको म्हणले होते. आता झालं ना वाटोळं."

यंत्रातून एव्हाना अक्षरं यायला लागली होती. पेडगावचे भूषण चि. महारुद्र चंद्रभान दुधाटे यांनी एमबीए परीक्षेत ३८.६२ टक्के गुण घेऊन घवघवीत यश संपादन केल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन. हार्दिक दोनदा होतं. महारुद्रनं ते तिसऱ्यांदा वाचलं.

"हे टक्के कुठून आले?"

"काका नुसतं अडतीस पॉइंट बासष्ट म्हणले. नुसता आकडा उघडा दिसायला लागला म्हून म्या टक्के लावले." पप्पूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कमी वाटायलाय का? त्र्याऐंशी करू? आकडे तेच, नुसती अदलाबदल. कुणी काय म्हणायचं काम न्हाई."

खरं सांगायचं तर महारुद्रनं यावर विचार केला. चांगला, मन लावून, दोन मिनिटं केला. परीक्षेत दोनशे प्रश्न आणि दीडशे मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. पण तिथं एक प्रश्न सोडला तर त्यानं कशावरच इतका विचार केला नव्हता. त्र्याऐंशीचा महारुद्र कसा दिसला असता? खांद्यावरचा हात तोच राहिला असता. मग त्याची नजर फ्लेक्सच्या अगदी खालच्या ओळीवर गेली. तिथं, शुभेच्छुकांच्याही खाली, यंत्रानं शाई वाचवत लिहावं तसं लिहिलं होतं: तसेच त्यांची भगिनी कु. निकिता (९४.२७).

"निकीचं इतकं बारीक?"

"फोटोच न्हाई तिचा माझ्याकडं. काका म्हणले, तिचं बी टाक कुठंतरी, ती बी पास झाली." पप्पूनं ओल्या शाईवर फुंकर मारली. "बरं झालं आलास. जाताना तूच घेऊन जा, पाठवायची कटकट गेली."

अशा रीतीनं महारुद्र स्वतःचं अभिनंदन गुंडाळून, खांद्यावर टाकून पॅसेंजरमध्ये चढला. परभणीवरून पेडगाव म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत येतं. पण सहा फुटांचं भेंडोळं घेऊन माणूस बसूही शकत नाही आणि नीट उभाही राहू शकत नाही. दारापाशी एक म्हातारा होता, त्यानं विचारलं, "ड्रिपचा पाइप का?" महारुद्र म्हणाला, "न्हाई. माझा फोटो हाय." म्हाताऱ्यानं भेंडोळ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मग महारुद्रकडं, आणि म्हणाला, "गेला कधी?" "कोण?" "तूच की." महारुद्रनं बाहेर बघितलं. बाहेर सोयाबीन टाचेएवढं झालेलं होतं आणि सगळ्या ओळी सरळ होत्या. ओळी, ओळी. हल्ली महारुद्रला ओळी बघवत नसत. एक ओळ दिसली की तो मोजायला लागायचा, आणि मोजायला लागला की त्याला तीच जुनी बेचैनी व्हायची, पायात मुंग्या आल्यासारखी, फक्त पायांऐवजी डोक्यात.

त्याचं असं होतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे त्याला ठाऊक होतं. पर्सेंटाइल म्हणजे रांग. शंभर माणसं उभी करायची आणि बघायचं, तुझ्या मागं किती. महारुद्रच्या मागं अडतीस पूर्णांक बासष्ट. म्हणजे पुढं किती? शंभरातून वजा करा, एकसष्ट पूर्णांक अडतीस. पहिल्या दिवशी त्यानं हा हिशेब केला तेव्हा त्याला फार काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत पंख्याखाली बसून त्यानं पडताळा म्हणून दोन्हींची बेरीज केली. मागचे अडतीस पूर्णांक बासष्ट, पुढचे एकसष्ट पूर्णांक अडतीस. शंभर. बरोबर शंभर, एक पैशाचा फरक नाही. मग महारुद्र कुठं उभा होता? पुढचे आणि मागचे मिळून रांग पुरी होत होती आणि त्याच्यासाठी जागाच उरत नव्हती. त्यानं पुन्हा केलं, उलटं केलं, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलं. दर वेळी तो सोडून सगळे बसायचे. आणि दुसरी भानगड वेगळीच, ते बासष्ट शतांश. अडतीस माणसं समजू शकतो, पण त्यांच्यात जो बासष्ट शतांश उभा आहे तो कोण? तो कसा उभा असेल? भिंतीला टेकून? त्याला घरचे काय म्हणत असतील? सहा दिवसांत महारुद्रला बाकी अडतीस जणांविषयी काही वाटलं नाही, पण या एका अपुऱ्या माणसाची त्याला काळजी लागून राहिली. जेवताना वाटे, ह्यानं खाल्लं असेल का.

परीक्षेच्या दिवशीही असंच झालं होतं. केंद्र नांदेडला होतं. निकिताचा फॉर्म भरला तोच मुळी सोबतीसाठी. बापानं, चंद्रभाननं, सांगितलं होतं, "एकटा कामून जातूस, दोघांचा बी भर. येताना सोबत हुईल, डबा बी ती सांभाळंल." म्हणजे निकिता ही तशी डब्याबरोबर परीक्षेला आली होती. दोघांची बैठक एकाच हॉलमध्ये, ती दोन रांगा पुढं, तिच्या वेणीचा शेंडा खुर्चीच्या पाठीवरून लोंबत होता. संगणकावर प्रश्न आला: आठ मित्र एका गोल टेबलाभोवती बसले आहेत. काहींची तोंडं आत, काहींची बाहेर. पी हा क्यूच्या डावीकडे तिसरा आहे, आणि आर कुणाशेजारी बसलेला नाही अशी अट आहे. महारुद्र तिथंच थांबला. आठ माणसं टेबलाभोवती बसली आहेत आणि त्यांच्यापुढं ताटं नाहीत. पीनं तोंड बाहेर का केलंय? रुसलाय? आणि आर कुणाशेजारीच नाही म्हणजे काय, गोल टेबलाला माणूस कुणाशेजारीच नाही असं होईल कसं? त्यांच्या घरी सगळे भिंतीला पाठ लावून एका ओळीत जेवत, बाप कोपऱ्यात, मग तो, मग निकिता, आणि आई वाढून झाल्यावर चुलीपाशी. तोंडं सगळ्यांची एकाच बाजूला, गोठ्याकडं. प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. त्याला वाटलं, या आठ जणांना कुणीतरी पेडगावला न्यावं, पंगतीला बसवावं, पोटभर वरणबट्टी घालावी, म्हणजे त्यांचं हे मिटेल. दोन रांगा पुढं ती वेणी हलत नव्हती. अकरा मिनिटं गेल्यावर त्यानं 'क' दाबलं, आणि पुढं जिथं जिथं त्याला माणसांची कीव आली तिथं तिथं 'क' दाबत गेला. परतीच्या गाडीत निकितानं डबा उघडला आणि विचारलं, "दादा, त्या आठ जणांचं काय आलं तुझं? आर एसच्या शेजारी येतू ना?" तो म्हणाला, "आर कुणाशेजारीच नव्हता." ती म्हणाली, "अट नीट वाच की, आर *पीशेजारी* न्हाई असं होतं." मग तिनं त्याला मोठी भाकरी दिली. तेव्हाच त्याला निकाल कळला होता, पण ते काही अधिकृत नव्हतं.

अधिकृत निकाल घरीच लागला, मोबाइलवर, बाप शेजारी बसलेला असताना. चंद्रभानला बाकी काही वाचायचं नव्हतं. आकडा कितीचा, एवढंच. दहावीला त्याला गणितात तेहेतीस पडले होते. पस्तिसाला पास. दोन मार्कांनी गेला आणि परत बसला नाही, रानात गेला. त्यानंतर आयुष्यात त्याला जे जे आकडे भेटले, ते तो आधी पस्तिसाशी लावून बघायचा. उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला तर म्हणायचा, पास. सोयाबीनची उगवण तीस टक्के आली तर, नापास. एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं ताप एकशे तीन सांगितला तेव्हा तापातही तो हसला होता. त्यामुळं मोबाइलवर अडतीस दिसल्याबरोबर तो उठून उभा राहिला. "पास! नर्मदा, आगं पास झाला! वरून तीन जास्त हायेत!" आणि त्यानं चोवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर असा हात ठेवला की महारुद्रच्या तोंडातलं वाक्य आत गेलं ते गेलंच. मग निकिताचा आकडा बघितला. "ही बी पास," तो म्हणाला. "दोघं बी पास." बापाच्या जगात पस्तिसाच्या वर सगळे सारखेच होते. तिथं चौऱ्याण्णवला अडतिसापेक्षा उंच उभं राहायची सोय नव्हती. आणि दोघंही पास म्हटल्यावर नियम ठरलेला, आधी थोरला. महारुद्र पुण्याला जाईल. दोघांना एकदम धाडलं तर रानाचं कसं व्हायचं, म्हणून निकिता औंदा थांबेल, आणि थांबणारच आहे तर देवगाव फाट्याकडचे पाहुणे सोमवारी बघायला येतो म्हणतायत, त्यांना येऊ द्यावं. हे सगळं पाच मिनिटांत ठरलं. निकितानं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि म्हैस सोडायला गेली. प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची मुदत सोमवार संध्याकाळी पाच होती. पाहुणे चारला येणार होते. दुसऱ्या दिवशी महारुद्र अभ्यासाला परभणीला गेला.

घरी पोचला तेव्हा आई, नर्मदाबाई, अंगणात शेंगा निवडत होती. तिनं भेंडोळं बघितलं आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली, त्याच्या तोंडावरची पुसली नाही. "उलगड की," ती म्हणाली.

"उद्या बघ फाट्यावर."

"माझा बी फोटो टाकलाय का रं?"

"न्हाई. पण एक हात हाय."

"कुणाचा?"

"ते कळंना."

नर्मदाबाईनं यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, "आसू दे. आशीर्वाद दिल्यावानी दिसंल."

निकिता वर छतावर, माळवदावर होती, मोबाइलला रेंज तिथंच येते म्हणून. तिच्यापुढं फॉर्म उघडा होता. कॉलेजांची नावं तिनं वहीत ओळीनं लिहिली होती. अर्थात ओळीनंच. महारुद्र कठड्यावर बसला. मघापासून तो एक वाक्य जुळवत होता आणि त्याला त्याचा शेवट मिळत नव्हता, म्हणून त्यानं मधूनच सुरुवात केली.

"निके, तू सांगून टाक ना दादांना. पर्सेंटाइल म्हंजे काय ते." घरात बापालाही दादाच म्हणत.

"मी सांगू?" तिनं वर बघितलं नाही. "मी सांगितलं तर म्हणतील, भावावर जळती. तू सांगितलंस तर म्हणतील, पोरगं समजदार हाय. एकच वाक्य हाय, पण तोंड बघून त्याचे मार्क पडतेत."

"त्यांना वाटायलंय मी पास झालो."

"वाटू दे की. मी काय म्हणायलेय का काही? सोमवारी पोहे करायचेत, साडी इस्तरी करायची हाय. लय कामं हायेत." मग ती हसली, आणि ते हसू महारुद्रला आवडलं नाही. "न्हाई तर असं करू, मीच येती मागं. अडतिसाच्या मागं येऊन हुबी राहती. तुला सोबत हुईल. डबा बी आणती."

पारव्यांची एक रांग विजेच्या तारेवर बसली होती. तो मोजायला लागला. मोजता मोजता त्यानं तिला ते सांगितलं, जे सहा दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं: बेरीज शंभर होते, आणि मला जागाच उरत नाही. आणि मागं तो बासष्ट शतांश माणूस हाय, त्याचं काय करायचं?

निकितानं आता वर बघितलं. तिला हा प्रश्न हास्यास्पद वाटला नाही, हेच तिचं चौऱ्याण्णव. "मागं बासष्ट शतांश," ती म्हणाली. "आन पुढं एकसष्टच्या वर किती उरतेत?"

"अडतीस शतांश."

"मंग दोन्ही मिळून किती झाले?"

"एक."

"तो तूच की दादा."

पारवे उडाले. महारुद्र कठड्यावर बसला होता तसाच राहिला. म्हणजे इतके दिवस तो ज्याच्या जेवणाची काळजी करत होता तो हाच. थोडा रांगेत पुढं, बाकीचा मागं, मधून कापलेला, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. त्याला एकदम भूक लागली.

चारच्या सुमाराला चंद्रभाननं हाक मारली, सत्काराआधी फ्लेक्स फाट्यावर लागला पाहिजे. दोघं बाप-लेक दोन बांबू, सुतळी आणि ते भेंडोळं घेऊन फाट्याकडं निघाले. चंद्रभान पुढं, महारुद्र मागं. दोघांचीच रांग. चंद्रभान आज इस्तरीचं धोतर नेसला होता, सत्कार उद्या असला तरी. वाटेत जो भेटेल त्याला तो सांगत होता, "पास झाला. एमबीए." समोरचा विचारी, "म्हंजे काय हुतंय त्याच्यात?" तर म्हणे, "सायब." आणि मागं वळून बघे, की साहेब येतोय ना.

फाट्यावर त्यांनी बांबू रोवले, फ्लेक्स उलगडला. महारुद्रचं दोन हात रुंद तोंड जमिनीवर आभाळाकडं बघत पडलं. चंद्रभान भोवती एक फेरी मारून आला, चप्पल काढून कोपरा धरला आणि अक्षरं वाचायला लागला, बोट लावून, दहावीतल्यासारखा. "हार्दिक हार्दिक," तो म्हणाला. "दोनदा टाकलंय पप्प्यानं. चांगलं केलं." त्याच्या काढलेल्या चपला रस्त्याच्या कडेला नीट एकापुढं एक पडल्या होत्या, आणि त्या चपलांकडं बघताना महारुद्रला जून महिना आठवला. परभणीला खताच्या दुकानापुढं रांग लागली होती, डीएपीच्या थैल्या मोजक्या आल्या होत्या, माणसं पहाटेपासून उभी. ऊन चढलं तशी सगळ्यांनी आपापल्या चपला रांगेत ठेवल्या आणि सावलीत जाऊन बसले, नेहमीसारखं. रांग पुढं सरकली की सावलीतून एक जण उठायचा आणि सगळ्यांच्या चपला पायानं एकेक हात पुढं सारायचा. कुणी कुणाची चप्पल मागं टाकत नाही, ते पाप आहे. महारुद्रला तिथं झोप लागली होती. जागा झाला तेव्हा त्याची चप्पल खिडकीपाशी पोचलेली होती, अकरावी, आणि दुकानदार तिला विचारत होता, आधार कार्ड आणलंय का. त्या दिवशी थैल्या पंधरा होत्या. चपलेला थैली मिळाली. महारुद्रच्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली रँक होती आणि ती त्याच्या चपलेनं काढली होती.

"दादा," तो म्हणाला. "खताची रांग आठवती का?"

"आठवंना कशी. ती सुतळी धर इकडं."

"शंभर माणसं धरा. थैल्या पंधरा."

"बरं."

"हा जो आकडा हाय ना, हे मार्क न्हाईत. हा रांगेतला नंबर हाय. माझ्या मागं अडतीस हायेत."

"मंग? मागं अडतीस हायेत म्हंजे चांगलंच की."

"आन पुढं एकसष्ट."

चंद्रभाननं सुतळीची गाठ अर्धी मारली होती. ती तशीच हातात राहिली. पुस्तकातला एक शब्द न वापरता, एक व्याख्या न सांगता, त्याच्या चेहऱ्यावर सगळं उतरत गेलेलं महारुद्रला दिसलं, कारण खताच्या रांगेत बाप तीस वर्षं उभा होता. एकसष्टाव्याच्या मागं उभं असणं म्हणजे काय, ते त्याला पायांनी ठाऊक होतं. फाट्यावरून एक ट्रॅक्टर गेला. चंद्रभाननं फ्लेक्सवर बसलेली धूळ हातानं झटकली.

"मंग तू सा दिवस तितं कामून हुबा हायस?" चंद्रभान शेवटी म्हणाला. "घरी यायचं की."

"तुमी उठून हुबे राहिले होते, दादा. म्हून म्या बी हुबाच राहिलो."

चंद्रभान खाली बसला. फ्लेक्सवरच बसला, महारुद्रच्या गुलाबी शर्टावर. "म्या दोन मार्कांनी गेलो होतो," तो म्हणाला. "तू कितीनं गेलास?"

"इथं तसं मोजता येत न्हाई."

"म्हंजे लय असंल." त्यानं मान हलवली. त्याला राग आला होता की नाही हे कळत नव्हतं. तो फक्त खाली बघत होता, आणि खाली बघता बघता त्याचं बोट घसरत घसरत अगदी तळाच्या बारीक ओळीवर आलं. तिथं ते थांबलं. "ही कितवी?"

"तिच्या मागं चौऱ्याण्णव. सहावी हाय ती."

"थैल्या पंधरा?"

"पंधराच धरा."

बराच वेळ चंद्रभान त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला, जणू घासल्यानं ती मोठी होतील. मग उठला, धोतर झटकलं, चपला घातल्या आणि रोवलेला बांबू दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटायला लागला. "हे गुंडाळ," तो म्हणाला. "कडब्यावर घालू. पावसाला चांगलं हाय." आणि थोडं पुढं गेल्यावर, मागं न बघता: "पाहुण्यांना फोन लाव. म्हणावं, सोमवारी यिऊ नगा. पोरगी घरी न्हाई, रांगेत हाय."

"आन सत्काराचं?"

"नारळ आणलेत तर फोडू की," चंद्रभान म्हणाला. "मारुतीला काय, कुणाच्या बी नावानं चालतंय." पण त्याच्या चालण्यातलं काहीतरी गेलं होतं. वाटेत एकानं विचारलं, "काय वो, लावला न्हाई का फोटो?" तर तो नुसता पुढं गेला, आणि ते उत्तर महारुद्रला द्यावं लागलं. महारुद्र म्हणाला, "तोंड बाहेर आलं होतं, आत करायचंय." त्या माणसाला हे कळलं नाही. महारुद्रलाही पूर्ण कळलं नाही, पण बोलताना बरं वाटलं.

संध्याकाळी दिवेलागणीआधी कडब्याच्या गंजीवर महारुद्र दहा बाय सहामध्ये पसरला. एका डोळ्यावर दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नर्मदाबाई लांबून बघून म्हणाली, हात मात्र छान आलाय. वर माळवदावर चंद्रभान निकिताशेजारी उकिडवा बसून विचारत होता, "ह्यातली थैली देणारी कॉलेजं कोणती, ती आधी घाल," आणि निकिता, आवाज एकदम बारका करून, "हो दादा, तसंच करायलेय," म्हणत होती. महारुद्र अंगणात उभा होता. त्याला तसं कुठंच जायचं नव्हतं. पुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं, आणि मुंग्या काही जात नव्हत्या. रांगेतून बाहेर पडल्यावर लोक काय करतात, हात कुठं ठेवतात, याचा त्याला अंदाज नव्हता. खिशात पप्पूनं काढून दिलेली निकालाची झेरॉक्स होती. ती त्यानं उलटी केली, माठाच्या तिवईवर ठेवली, आणि अक्षर नीट काढत लिहायला लागला.

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
प्रवेश परीक्षा विभाग.

विषय: रांगेतील जागा रिक्त करणेबाबत व अर्जदार परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी विनंती अर्ज करतो की, मी आपल्या रांगेत चालू वर्षी उभा होतो. माझा अडतीस शतांश भाग पुढील एकसष्ट जणांकडे व बासष्ट शतांश भाग मागील अडतीस जणांकडे जमा असल्याचे आपल्याच निकालपत्रावरून दिसून येते. घरच्यांशी बोलणे झाले असून मी रांगेतून बाहेर पडत आहे. तरी माझे दोन्ही भाग जोडून मु. पो. पेडगाव, ता. जि. परभणी या पत्त्यावर परत पाठवावेत. तसेच माझी जागा रिकामी झाल्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या अडतीस जणांना प्रत्येकी एक पाऊल पुढे सरकवण्यात यावे. त्यांपैकी कोणी सावलीत गेले असल्यास त्यांच्या चपला सरकवाव्यात, ही नम्र विनंती.